लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी स्कोप कोणता घ्यावा?

इचलकरंजीच्या एका तरुण नेमबाजाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: त्यांच्याकडे पॉइंट टू-टूची (.२२ बोअरची) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, परवाना आहे, ५० मीटरवर ग्रुप (एका नेमावर मारलेल्या गोळ्यांचा घोळका) चांगला येतो. आता १०० मीटरवर, आणि रेंज मिळेल तिथं २०० मीटरवर, कागदी टार्गेट मारायचंय. दुकानदार ६-२४×५० चा (६ ते २४ पट झूम, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं), आत लाल-हिरवा दिवा लागणारा स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेमाची दुर्बीण, दाखवतोय. बजेट सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास. एवढी झूम पुरेल का, नेम सरकवायच्या दोन मापांपैकी मिल घ्यावा की एमओए, आणि दुकानात उभं राहून बरं-वाईट ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

झूमची काळजी सोडा, ती लागते त्याच्यापेक्षा जास्तच आहे. तुमचे पैसे ज्याच्यावर खर्च व्हायला हवेत ती गोष्ट काचेतून बघून दिसत नाही. वरचा टरेट, म्हणजे नेम सरकवायचा नॉब, दहा क्लिक फिरवला तर नेम बरोबर दहा क्लिकच सरकतो का, आणि दहा क्लिक उलट फिरवले तर होता तिथंच परत येतो का? लांबच्या अंतरावर स्कोप हे मोजायचं हत्यार आहे. चित्र मोठं दिसणं हा त्याचा जोडधंदा.

पण खरेदीच्या आधी एक घोळ निस्तरतो, कारण आपल्या कोल्हापुरात तो फार आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ४५१.४ गुणांवर कांस्यपदक आणलं. तेव्हापासून बरीच पोरं 'स्वप्नीलच्या रायफलीला आहे तसला स्कोप' मागत येतात. त्या रायफलीला स्कोप नाही! मागं बारीक भोकाची डायॉप्टर साइट असते, पुढं रिंग असते, आणि त्या रिंगेत टार्गेटचा काळा गोल बसवायचा असतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीची साइट चालतच नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद ६०० पैकी ५९७ गुणांनी मिळवलं, तेही असल्याच साइटवर. तेव्हा कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवरून पुढं राज्य, राष्ट्रीय अशी वाट धरायची असेल तर स्कोपचा विषय इथंच बंद करा आणि ते पैसे चांगल्या डायॉप्टरवर आणि जाकिटावर घाला.

स्कोप चालतो तो बेंचरेस्टमध्ये (टेबलावर रायफल टेकवून मारायच्या प्रकारात) आणि एफ-क्लासमध्ये. एफ-क्लास म्हणजे झोपून, पुढं बायपॉड किंवा रेस्ट आणि मागं वाळूची पिशवी लावून, हजार यार्डांपर्यंत मारायचा प्रकार. कॅनडातल्या जॉर्ज फार्कहारसन यांच्या नावावरून त्यातलं 'एफ' आलं. आपल्याकडं एवढी लांब रेंज सामान्य माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. पण पॉइंट टू-टू हाती असेल तर २०० मीटरसुद्धा कमी नाही. त्या गोळीचा वेग इतका कमी असतो की मोठ्या रायफलवाल्याला कितीतरी लांब गेल्यावर जे हिशेब करावे लागतात ते तुम्हाला २०० वरच करावे लागतील.

ते हिशेब एकदा मांडून बघा. मॅचचं साधं काडतूस सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगानं निघतं. ५० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तिथं नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेली, रायफल १०० मीटरवर साधारण २३ सेंमी खाली मारते. २०० मीटरवर दीड मीटरहून जास्त. म्हणजे नेम माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर आणि गोळी पायापाशी. मिलमध्ये सांगायचं तर १०० ला सव्वादोन मिल आणि २०० ला आठच्या आसपास मिल वर चढवावे लागतात. नक्की आकडा तुमचं काडतूस, नळी आणि स्कोपची उंची यांवर ठरतो, तो तुमचा तुम्हीच काढायचा. पण हा आठ मिल लक्षात ठेवा, पुढची सगळी निवड त्याच्याभोवती फिरते.

मिल की एमओए, यावर लोक तासन् तास भांडतात. मी दोन ओळींत सांगतो. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, १०० मीटरवर १० सेंमी. टरेटचा एक क्लिक ०.१ मिलचा असतो, म्हणजे १०० मीटरवर बरोबर १ सेंमी. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंमी, आणि पाव एमओएचा एक क्लिक ७ मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. यार्ड आणि इंचात जगणाऱ्याला एमओए सोपा जातो. आपली रेंज मीटरची, टेप सेंटिमीटरचा, मग डोक्याला कशाला त्रास? मिल घ्या. फक्त ५० मीटरवर बेंचरेस्ट करणाऱ्यांनी मात्र अष्टमांश एमओएचे क्लिक बघावेत. तिथं एका क्लिकला पावणेदोन-दोन मिलिमीटरच सरकतं आणि तेवढी बारकाई कामाला येते. फौजेतून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट: आपल्या कंपासवर वर्तुळाचे ६४०० मिल असतात. स्कोपचा मिल शुद्ध मिलिरेडियन, वर्तुळात सुमारे ६२८३ बसतात. फरक किरकोळ आहे, पण आकडे जुळले नाहीत म्हणून गोंधळू नका. एक पथ्य मात्र पाळा: आत मिलच्या खुणा आणि वर एमओएचा टरेट, असला जुना सांधेजोड स्कोप फुकट मिळाला तरी नको. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए हा गुणाकार वारा वाहत असताना डोक्यात होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडं. स्कोपच्या मोठ्या नळीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. ती मागच्या टोकाला टेकलेली असते, वरून आणि बाजूनं टरेटचे स्क्रू तिला ढकलतात, आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. एवढाच सगळा खेळ. स्वस्त स्कोपमध्ये पैसे वाचवले जातात ते ह्याच स्प्रिंगमध्ये आणि स्क्रूच्या आट्यांमध्ये. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर काम केलेल्या माणसाला जास्त सांगायला नको: जुन्या लेथचं हँडल उलटं फिरवलं की सुरुवातीला ते नुसतंच फिरतं, टूल हलत नाही, तोच बॅकलॅश इथं असतो. म्हणून तर जुने लोक टरेट फिरवल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यावर टकटक करायचे. तुम्ही घेताय त्या स्कोपला अशी टकटक लागत असेल तर तो परत करा.

हे तपासायला गोळी लागत नाही. स्कोप लाकडी ठोकळ्यांत धरून जड व्हाइसमध्ये पक्का बसवा. समोर बरोबर ५० मीटरवर एक फळी उभी करा आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणांची मोठी पट्टी लावा. ओळंबा सोडून पट्टी सरळ करा. गवंड्याकडचा ओळंबा चालतो, त्याच्याइतकी खरी रेघ दुसरं काही दाखवत नाही. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको, मोबाइलवरच्या अ‍ॅपनंही नको. अंतरात एक मीटरचा फरक पडला तर तुमच्या निकालात दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि दोन टक्केच तर आपण शोधतोय. आता क्रॉसहेअर (आतल्या नेमाच्या रेघांची फुली) शून्यावर ठेवून टरेट १० मिल फिरवा. पट्टीवर तो बरोबर ५० सेंमी सरकला पाहिजे. ४९ सरकला तर दोन टक्के कमी. २०० मीटरच्या आठ मिलमध्ये ही चूक तीन सेंमीची होते. ती सोसता येते, कारण ती दरवेळी तेवढीच असेल तर बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये (गोळी किती खाली पडेल त्याचा हिशेब करणाऱ्या अ‍ॅपमध्ये) एकदा टाकून विसरता येते. सोसता येत नाही ती दुसरी चूक: १० मिल वर जाऊन परत शून्यावर आणलं आणि क्रॉसहेअर आधीच्या रेघेवर बसला नाही. हे पाच-सात वेळा करा, मध्ये बाजूचा टरेटही फिरवा. एकदा जरी तो दोन क्लिक बाजूला थांबला, तर त्या स्कोपवर कुठलंही नाव छापलेलं असलं तरी माझ्या लेखी तो लांबच्या कामाचा नाही. आणखी एक बघा: क्रॉसहेअर वर चढताना ओळंब्याच्या रेघेवरूनच चढतो की हळूहळू बाजूला झुकतो? झुकत असेल तर आतलं रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेघा आणि खुणा, तिरकं बसलंय.

गोळ्या मारून करायची चौकोनाची चाचणी तुम्ही ऐकली असेल. नेम एकाच ठिकाणी धरायचा आणि टरेट वर, उजवीकडं, खाली, डावीकडं फिरवत चौकोन पुरा करायचा. चांगली आहे, पण दोन-तीन क्लिकच्या छोट्या चौकोनात काही सिद्ध होत नाही. ५० मीटरवर तुमचा ग्रुप दीड-दोन सेंमीचा असेल तर क्लिकची चूक त्या ग्रुपातच लपते. चौकोन निदान तीन-चार मिलचा काढा, आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडतो का तेवढं बघा.

टरेट किती फिरू शकतो हेही महत्त्वाचं. बऱ्याच साध्या स्कोपची वर-खाली मिळून हालचाल ६० एमओएच्या आसपास असते, म्हणजे मध्यापासून वर ३०. तुम्हाला लागणारे आठ मिल म्हणजे साडेसत्तावीस एमओए. कागदावर बसतंय, पण रेलमध्ये (रायफलीवरच्या, स्कोप बसवायच्या पट्टीत) जरा खोट असली की झिरो करतानाच त्यातलं थोडं खर्च होतं आणि २०० ला टरेट अडतो. शिवाय टोकाला गेल्यावर बाजूची हालचाल कमी होते आणि चित्रही बिघडतं. यावर उपाय म्हणजे मागून उंच, पुढं उतरता असा, स्कोपच्या रिंगांखाली बसणारा २० एमओएचा बेस. त्यानं खालची न लागणारी हालचाल वर मिळते. पैसे कमी पडत असतील तर महाग स्कोपपेक्षा हा बेस आधी घ्या. बाहेरून मिळाला नाही तर उद्यमनगरात किंवा शिरोलीत मिलिंगवाल्याकडून करून घेता येतो. पण त्याला तोंडी सांगू नका, ड्रॉइंग द्या: १०० मिलिमीटर लांबीत २० एमओए म्हणजे फक्त ०.५८ मिलिमीटरचा उतार, आणि तोंडी सांगितलं की तो हमखास एक-दोन मिलिमीटरचा होतो.

पॅरालॅक्सवर जरा थांबतो, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. लांबच्या टार्गेटचं चित्र आणि क्रॉसहेअर आत एकाच पातळीवर पडले नाहीत तर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर टार्गेटवर पोहल्यासारखा सरकतो. रायफल हलत नाही, नेम मात्र हलतो. किती? अंदाजाचं गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाचा निम्मा व्यास घ्या, स्कोप जुळवलेलं अंतर आणि टार्गेटचं अंतर यांतल्या फरकानं गुणा, आणि जुळवलेल्या अंतरानं भागा. ५० मिलिमीटरचं भिंग, पॅरालॅक्स १०० मीटरला कायमचा बसवलेला, आणि मारताय ५० वर: जास्तीत जास्त साडेबारा मिलिमीटरची चूक. ५० मीटर रायफल टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे सगळं बरोबर करूनही निव्वळ गाल चुकीच्या जागी टेकला म्हणून दहा जाऊ शकतो. तोच स्कोप २०० मीटरवर नेला तर चूक २५ मिलिमीटरपर्यंत जाते.

म्हणून पॅरालॅक्स जुळवता येतो असाच स्कोप घ्या. डाव्या बाजूला तिसरा नॉब असतो तो सोयीचा. पुढच्या भिंगाभोवती फिरणारी रिंग असली तरी काम होतं, फक्त झोपून मारताना हात पुढं न्यावा लागतो. कमीत कमी अंतर किती ते आवर्जून विचारा. मोठ्या रायफलींसाठी केलेले काही स्कोप ५० मीटरच्या आत जुळतच नाहीत, तुम्हाला २५ पर्यंत यायला हवं. आणि नॉबवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आधी मागची आयपीस फिरवून क्रॉसहेअर धारदार करा: मोकळ्या आभाळाकडं, सूर्य सोडून, क्षणभर बघायचं, डोळा काढायचा, फिरवायचं, परत बघायचं. टक लावून बसलात तर डोळाच स्वतःला जुळवून घेतो आणि तुम्हाला खोटं समाधान मिळतं. मग रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, रिकामी असल्याची खात्री करून, हात न लावता डोकं वर-खाली हलवा आणि क्रॉसहेअर हलायचा थांबेपर्यंत नॉब फिरवा. चित्र स्वच्छ दिसणं आणि पॅरालॅक्स जाणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकाच जागी येतात, पण नेहमीच नाही. वाद झाला तर डोकं हलवून जे दिसतं ते खरं.

आता तुमच्या २४ पट झूमकडं येऊ. मार्चपासून मे संपेपर्यंत आपल्याकडं सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापली की टार्गेट उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसायला लागतं. झूम वाढवाल तेवढी ती लहर मोठी होते. २४ वर टार्गेटचा काळा गोल नाचतो, १० वर तोच गोल जागेवर दिसतो. त्यामुळं महागडे मोठे स्कोप घेतलेले लोकही उन्हाळ्यात १०-१२ वरच मारताना दिसतील. तशी ती लहर अगदीच शत्रू नाही. ती कुठल्या बाजूला पळते त्यावरून वारा वाचता येतो, आणि पॉइंट टू-टूला वारा वाचावाच लागतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर गोळी आठेक सेंमी ढकलतो, २०० वर तीस सेंमीपर्यंत. जास्त झूमचा दुसरा तोटा मागच्या बाजूला आहे. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल म्हणजे भिंगाचा व्यास भागिले झूम. ५० ला २४ नं भागलं की दोन मिलिमीटर. दिवसा उजेड पुरतो, पण डोकं केसभर हललं की काळी सावली येते. १० वर तोच गोल पाच मिलिमीटरचा असतो आणि डोळा लगेच सापडतो.

जास्त झूमचा खरा फायदा एकच, १०० मीटरवर स्वतःची भोकं दिसतात. त्यासाठी मी शेजारी स्वस्तातला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे नुसतं बघायची वेगळी दुर्बीण, ठेवीन. तुमच्या कामाला ४-१६ पुरतो, पुढचं भिंग ४० ते ४४ मिलिमीटरचं. भिंग लहान तेवढा स्कोप नळीच्या जवळ बसतो आणि गाल लाकडावर नीट टेकतो. ५० चं भिंग उंच रिंगवर चढवून हनुवटीनं नेम धरणारे लोक मी रेंजवर कमी बघितलेले नाहीत.

फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड? फर्स्टमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होतं, त्यामुळं त्यावरची एक मिलची खूण कुठल्याही झूमवर एक मिलच असते. सेकंडमध्ये रेटिकल तेवढंच दिसतं आणि खुणा एकाच झूमवर, बहुधा सगळ्यात मोठ्या, खऱ्या असतात. २४ ला खरी असलेली एक मिलची खूण १२ वर दोन मिलची झालेली असते. आणि वर सांगितल्याप्रमाणं उन्हाळ्यात तुम्ही झूम उतरवणारच. वाऱ्यासाठी खुणांवर धरून मारणार असाल तर फर्स्ट घ्या. ठरलेल्या अंतरावर, नुसतं टरेट फिरवून कागद मारणार असाल तर सेकंड स्वस्त पडतो आणि त्याचं रेटिकल बारीक राहतं. तुमच्या बाबतीत माझा कल फर्स्टकडं आहे, पण त्याच पैशात टरेट कच्चे मिळत असतील तर बिनधास्त सेकंड घ्या. रेटिकल साधं असू द्या. आत ख्रिसमसच्या झाडासारख्या शंभर ठिपक्यांचं रेटिकल दुकानात भारी वाटतं, २०० मीटरवर त्याच ठिपक्यांमागं तुमचा गोल हरवतो.

बाकीच्या गोष्टी पटकन. आतला दिवा दुपारच्या कागदाला काही कामाचा नाही. त्याचे पैसे देऊ नका, आलाच तर येऊ द्या. ३० मिलिमीटरची नळी २५.४ पेक्षा बरी, कारण आत टरेटला सरकायला जागा मिळते. तिच्यामुळं उजेड जास्त मिळतो हे दुकानदाराचं म्हणणं खरं धरू नका. झिरो स्टॉप (परत येताना टरेटला झिरोवर अडवणारी सोय) असला तर उत्तम: आठ मिल चढवून परत येताना एक फेरी चुकली की पुढच्या सगळ्या गोळ्या कुठं जातात ते कळत नाही. भिंगावर माणकासारखा लाल मुलामा असेल तर तो स्कोप खाली ठेवा.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलवाल्यांना एक वेगळी सूचना, कारण त्यांचेही प्रश्न येतात. त्या बंदुकीचा धक्का आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी असतो. पॉइंट टू-टूवर जन्मभर टिकणारा स्कोप तिच्यावर महिन्यात खुळखुळू शकतो. तिच्यासाठी 'एअरगन रेटेड' असं स्पष्ट लिहिलेला घ्या, जवळच्या अंतराला जुळणारा घ्या, आणि मागच्या रिंगेला स्टॉप पिन लावा.

माउंटवर कंजुषी करू नका. तुमच्या रायफलीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे की पिकाटिनी रेल, ते आधी मोजून घ्या. एकाच्या रिंगा दुसऱ्याला बसत नाहीत आणि ठोकून बसवायच्या नसतात. रिंगेचे वरचे स्क्रू दोन न्यूटन मीटरच्या आसपास, आळीपाळीनं, टॉर्क रेंचनं आवळा. हातानं 'गच्च' आवळलेल्या रिंगांनी नळी चेपते, आतली छोटी नळी अडकते, आणि मग माणूस स्कोपला शिव्या देतो. डोळ्याचं अंतर सगळ्यात मोठ्या झूमवर, तुम्ही मारता त्याच अवस्थेत झोपून ठरवा. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून ठरवलेलं अंतर झोपल्यावर दोन-तीन सेंमी चुकतं. शेवटी ओळंब्याशी जुळवून क्रॉसहेअर सरळ करा आणि नळीवर पाण्याची लेव्हल लावा. २०० मीटरवर रायफल तीन अंश कलंडली तर गोळी दहा-बारा सेंमी बाजूला जाते, आणि तीन अंश डोळ्याला कळत नाहीत. लोक ह्याला वारा समजतात.

चाळीस हजारांचं वाटप मी असं करीन: स्कोपला पंचवीस-सत्तावीस, बेस, रिंगा आणि लेव्हलला सात-आठ, उरलेले काडतुसांना. काडतुसांचं कारण सांगतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असला तर २०० मीटरवर त्या दहा सेंमीहून जास्त अंतरानं खाली-वर पडतात. हे कुठलाच स्कोप भरून काढत नाही. तीन-चार मेकची चांगली मॅच काडतुसं १०० मीटरवर मारून बघा आणि तुमच्या नळीला आवडेल ते धरा.

नाव कुठलं? नाइटफोर्स, श्मिट अँड बेंडर, मार्च: लोक बघून खूश होतात अशा या कंपन्या, पण तुमच्या बजेटच्या पलीकडच्या. वॉर्टेक्स, अ‍ॅथलॉन, आर्केन, हॉक यांच्यात मधल्या श्रेणीचे चालण्यासारखे स्कोप आहेत. नावापेक्षा तोच नग तपासा. नामांकित कंपन्यांच्या नकली मालाचा सुळसुळाट आहे. अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या. 'आयुष्यभराची हमी' ऐकून भुलू नका, बिघडला तर इथून परत पाठवायचा खर्च आणि कागदपत्रं कोण करणार हे बिलावर लिहून घ्या. परदेशातून कुरिअरनं मागवायचा विचार असेल तर पैसे भरायच्या आधी कस्टमचं काम करणाऱ्या माणसाशी आणि तुमच्या रायफल असोसिएशनशी बोला. बिलावर अनुक्रमांक हवाच, त्याची प्रत परवान्याबरोबर ठेवा. दुकानात बघताना स्कोप रायफलीवर चढवून रस्त्याकडं रोखू नका. नुसता स्कोप पिशवीवर टेकवून समोरच्या इमारतीवरची पाटी बघा: कडेची अक्षरं मधल्याइतकी स्वच्छ आहेत का, काळ्या अक्षरांना जांभळी-हिरवी किनार येते का, टरेटचा प्रत्येक क्लिक बोटाला वेगळा कळतो का.

आणि हे सगळं मान्यताप्राप्त रेंजवरच. उसाच्या फडाच्या बांधावर स्कोपवाली रायफल घेऊन झोपलेला माणूस दाजीपूर-राधानगरीच्या गवा अभयारण्याच्या बाजूला दिसला तर वन खातं त्याच्या टार्गेटचा कागद बघायला थांबणार नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी तो टार्गेटच्या सरावाचा परवाना नव्हे.

पावसाळ्याचं एवढं सांभाळा. नायट्रोजन भरलेला स्कोप बाहेरून धुकटला तर घाबरायचं कारण नाही. एसीच्या गाडीतून जुलैच्या हवेत काढला की तसं होणारच. दहा मिनिटं थांबा, शर्टाच्या टोकानं पुसू नका. आतून धुकटला तर सील गेलं, लगेच परत द्या. जून ते सप्टेंबर स्कोप रेक्झिनच्या कव्हरात बंद करून कपाटात ठेवू नका, भिंगावर बुरशी धरते आणि ती मुलाम्यासकट खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि रंग बदलला की पुड्या बदला.

२०० मीटरची रेंज मिळेपर्यंत ५० वरच तयारी करता येईल, पण मागचा बंधारा पुरेसा उंच आहे याची रेंज ऑफिसरकडून आधी खात्री करून घ्या. उंच कागद लावा, तळाशी नेमाचा ठिपका काढा, त्याच्या बरोबर ४० सेंमी वर दुसरा. खालच्या ठिपक्यावर नेम धरून आठ मिल चढवा आणि पाच गोळ्या मारा, शून्यावर या, परत पाच मारा, परत चढवा. वरचा ग्रुप वरच्या ठिपक्यावर आणि खालचा खालच्यावर राहिला तर स्कोप २०० ला न्यायला तयार आहे. दोन्ही ग्रुप एकाच बाजूला सरकत गेले तर आधी रिंगांचे स्क्रू बघा.